माहेरचं आसन: कौंडिण्यासन शिकताना आधी उतरायला शिका

‘हे आपल्या कौंडण्यपूरचं आसन व्हय काय वो ताई?’ माझ्या धाकट्या जावेनं ओसरीवरून विचारलं होतं. मी तेव्हा अंगणात, दोन तळहातांवर अख्खं अंग तोलून, उजवा पाय पुढे अन् डावा मागे हवेत धरून जेमतेम दुसरा श्वास घेत होते. हसू फुटलं अन् आसन मोडलं.

कौंडिण्यपूर आमच्याच तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी. रुक्मिणीचं माहेर, भीष्मक राजाची राजधानी ही त्याची ओळख. आषाढीला तिथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. आसनाला नाव पडलं ते कौंडिण्य ऋषींवरून. गावाचं अन् ऋषींचं नातं काय ते कीर्तनकारांनी सांगावं. जाऊ मात्र तेव्हापासून त्याला ‘माहेरचं आसन’ म्हणते, अन् आता आमच्या सकाळच्या वर्गात तेच नाव चालतं.

वर्ग म्हणजे काय, गावच्या समाजमंदिराची फरशी अन् आठ-दहा बाया. मी काही मोठी योगशिक्षिका नाही. चार एकर शेती आहे: सोयाबीन, तूर, उरलेल्यात कपाशी. शाळेत असताना मावशीकडे अमरावतीला राहिले. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, त्यामुळे त्या शहरात व्यायामाची हवाच वेगळी. तिथंच दोरीच्या मल्लखांबाची ओढ लागली. लग्नानंतर सगळं सुटलं. छत्तिसाव्या वर्षी पुन्हा चटई अंथरली. या एका आसनात तीन श्वास थांबायला मला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत हनुवटीला टाके पडले, एकदा मनगट सुजलं, अन् जे समजलं ते खाली लिहिते आहे.

या आसनाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात कंबर पिळून उजवी मांडी डाव्या दंडावर ठेवतात. दुसऱ्यात पीळ नाही, उजवा पाय उजव्याच दंडावर येतो अन् डावा सरळ मागे जातो. दोन्हींना एकपाद कौंडिण्यासनच म्हणतात. मी लिहिते आहे ते या दुसऱ्याबद्दल. बाळंतपणं झालेल्या, दिवसभर वाकून काम करणाऱ्या कमरांना पिळापेक्षा हे बरं पडतं, असं माझं मत आहे.

आधी नकार

गरोदर बाईनं हे करायचं नाही. बाळंतपण किंवा पोटाचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झालेत, तिनंही नाही. खांदा आधीच दुखतो, हात वर नेताना कळ येते, त्यांनी आधी खांदा दाखवावा. बीपीची गोळी चालू असून बीपी ताब्यात नाही, त्यांनीही थांबावं. रात्री झोपेत अंगठा, तर्जनी अन् मधलं बोट मुंग्या येऊन बधिर होतात अन् हात झटकला की बरं वाटतं, अशा बाया आमच्याकडे पुष्कळ आहेत. मनगटातल्या बोगद्यातून जाणारी नस दाबली गेली की असं होतं. मनगट मागे दुमडून त्यावर अंगाचा भार टाकणं अशा हाताला सोसत नाही.

एक गोष्ट विदर्भात सांगायलाच हवी. आपल्याकडे सिकलसेल असलेली घरं कमी नाहीत. जास्त दमणं, अंगातलं पाणी कमी होणं, यानं त्यांना त्रास उसळू शकतो. घरात कुणाला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असल्या जोराच्या आसनांना हात लावू नका. उन्हाळ्यात तर नाहीच.

आज करायचं का, हे मनगटाला विचारा

शहरातल्या माणसाचं मनगट दिवसभर टेबलावर पडून असतं. आपलं तसं नाही. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडा सोलून निघतात, बोटं आखडतात. सोयाबीन सोंगायचं असलं की विळ्याची मूठ धरून धरून तळवा बधिर होतो. फवारणीचा पंप पाठीवर घेतला की खांदे गेलेच म्हणून समजा. अशा दिवशी संध्याकाळी ‘व्यायाम राहिला’ म्हणून हातावर तोल घ्यायला जाणं म्हणजे दिवसभर नांगराला जुंपलेला बैल रात्री शंकरपटात पळवणं. माझं मनगट सुजलं ते असंच. तीन आठवडे भाकरी जावेनं थापली.

आता मी दोन परीक्षा घेते. सकाळी अर्धी भरलेली कळशी एका हातानं उचलून ओट्यावर ठेवायची. मग ओला टॉवेल दोन्ही बाजूंना कचकचून पिळायचा. यातल्या कशातही मनगटाच्या आत किंवा अंगठ्याच्या बुडाशी कळ आली तर त्या दिवशी हातावर भार नाही. पाय मोकळे करा, श्वासाचं करा, नाहीतर सरळ चहा प्या. स्नायू थकल्यासारखे जड वाटत असतील तर चालतं. टोचलं, ठणकलं, चमक निघाली, तर थांबायचं.

आमच्या वर्गात हे आसन पौषापासून फाल्गुनापर्यंत शिकवते. तूर घरी आलेली असते, वेचणी उरकत आलेली असते, हातांना विसावा असतो. थंडीत सकाळी अंग कडक असतं, म्हणून अंग गरम करायला दुप्पट वेळ द्यावा लागतो, तेवढंच. २१ जूनच्या योगदिनाला मात्र आमच्याकडे कुणी येत नाही. मृग लागून गेलेला, पाऊस आला की पेरणी, अन् बोलावणं येतं योगासनांचं! तारीख ठरवणाऱ्यांनी कधी तिफण धरली नसावी.

पोट रिकामं हवं. पहाटे अर्धा कप चहा चालेल. चून-भाकर खाऊन तीन-चार तास झाल्याशिवाय नको, कारण यात पोट आवळून धरावं लागतं.

बांगड्या, तेल अन् अंगण

हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. मोबाईलवर आसन दाखवणाऱ्या पोरींच्या हातात काचेच्या बांगड्या नसतात. आपल्या असतात. भार आला की बांगड्या घसरून थेट मनगटाच्या घडीवर येतात, अन् फुटल्या तर तळहाताच्या गादीत घुसतात. काढून ठेवा. ‘सासूबाई काय म्हणतील’ हा प्रश्न आमच्या वर्गातही आला होता. एकीनं तोड काढली: बांगड्या कोपराकडे सरकवायच्या अन् वरून रुमाल घट्ट बांधायचा. मला ते पटत नाही, कारण मांडी दंडावर येताना तोच रुमाल आड येतो. त्या सासूबाईंशी मी स्वतः बोलले. ‘अर्धा तास काढल्यानं काई होत नाई वं,’ म्हणाल्या. मंगळसूत्र मागे पाठीवर टाकून ब्लाउजमध्ये खोचा, नाहीतर पुढे झुकलं की ते तोंडात येतं अन् लक्ष तिकडे जातं. जोडवी टोचत असतील तर तीही काढा.

कपडे सुती. चकचकीत ट्रॅकपँट घातली तर मांडी दंडावरून साबणासारखी निसटते. सलवार गुडघ्याच्या वर सरकवून उघडी कातडी उघड्या दंडावर आली तर सगळ्यात चांगली पकड बसते. चारचौघांत ते नको वाटलं तर खरबरीत सुती कापड.

हाताला तेल नको. वेणी घातल्यावर हात साबणानं धुवा. घामासाठी ओलं करून पिळलेलं फडकं जवळ ठेवा. मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा पहाटे पाचलाही तळवे ओले असतात.

जागा: सारवलेलं अंगण दिसायला गुळगुळीत, पण वरचा पोपडा हाताखाली सुटतो. सतरंजी फरशीवर घसरते. गादीवर तळहात बुडतो अन् मनगट जास्तच मागे दुमडतं. फरशीवर साधी रबरी चटई सगळ्यात बरी. ती नसेल तर उघडी कोरडी फरशी. मऊ काही हवं ते हाताखाली नको, तोंडापुढे हवं. वाकळ चार घड्या करून, तळहातांच्या पुढे वीतभरावर ठेवा. ही वाकळ पहिले सहा महिने हलवायची नाही.

अंगात किती ताकद हवी

जोर मारता येतात का? पुरे नकोत, अर्धे. हातावर फळीसारखं सरळ राहून कोपरं मागच्या बाजूला वाकवत खाली या, अन् खांदे कोपरांच्या रेषेत आले की तिथंच थांबून मनात दहा आकडे मोजा. याला चतुरंग दंडासन म्हणतात. खांदे कोपरांच्या खाली गेले तर सगळा ताण खांद्याच्या पुढच्या बाजूला येतो, अन् बहुतेकांचे खांदे तिथंच दुखावतात. कोपरं बाहेर पसरली तर मोजणी रद्द. असे पाच सलग नीट झाले, तर हात तयार आहेत असं समजते. झाले नाहीत तर महिना-दोन महिने हेच करा. भिंतीला हात लावून सुरू करा, मग ओट्याच्या कडेवर, मग जमिनीवर. माझ्या जावेला भिंतीपासून जमिनीवर यायला पावसाळा अन् हिवाळा दोन्ही लागले.

मनगटांसाठी रोज पाच मिनिटं: मुठी गोल फिरवणं, मग गुडघ्या-हातांवर येऊन तळवे टेकवून अंग हळूहळू पुढे-मागे डुलवणं. बोटं सगळी पसरलेली. तर्जनीच्या बुडाशी जो सांधा आहे तो जमिनीला चिकटवून ठेवायची सवय लावा. तो उचलला गेला की सगळा भार करंगळीकडच्या कडेवर अन् मनगटाच्या टाचेवर पडतो. बोटांची पेरं जमिनीला नखं रुतवल्यासारखी किंचित आवळा. पिठाचा उंडा परातीत दाबतो तशी.

पायांसाठी सूर्यनमस्कारातलं अश्वसंचलनासन सगळ्यांना येतं. तेच करा, फक्त पाऊल दोन हातांच्या मध्ये न ठेवता उजव्या हाताच्या बाहेर ठेवा अन् छाती खाली सोडा. पाच-सहा श्वास. मांडीच्या मागची शीर ताणली जाईल. ताण मांडीच्या मधोमध असेल तर ठीक. बसण्याच्या हाडाला, जिथं शीर चिकटते तिथं, टोचून दुखलं तर मागे या. तिथली दुखणी महिनोन् महिने जात नाहीत, बैलगाडीत बसलं तरी आठवण करून देतात.

कट्ट्यावरचं आसन

आता माझी युक्ती. सोयाबीनचा अर्धा भरलेला कट्टा, म्हणजे पोतं, तोंड बांधून आडवा ठेवा. त्याच्यावर पालथं पडा, छाती अन् पोट कट्ट्यावर. दोन्ही तळवे छातीच्या बाजूला टेकवा, कोपरं काटकोनात, बगलेशी. आता उजवा पाय बाजूनं पुढे आणून मांडी उजव्या दंडाच्या वर, खांद्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या. डावा पाय मागे सरळ. झालं, हेच आसन. फक्त अंगाचा भार कट्ट्यावर आहे, हातांवर नाही. दाणे अंगाच्या आकारानं सरकतात, म्हणून हे उशीपेक्षा बरं.

इथं दोन-तीन आठवडे काढा. उजवा गुडघा दंडावर किती वर बसतो हे नीट बघा. कोपराजवळ बसला तर पुढे तो घसरणारच. पालथं पडून तो वर नेता येत नसेल तर डाव्या हातानं उजवं पाऊल धरून, उजवा खांदा गुडघ्याच्या खालून पुढे सरकवा, जशी पिशवीची दोरी खांद्यावर चढवतो तशी. आसनाचं निम्मं काम या एका सरकवण्यात आहे, अन् घाई करणारे नेमकं हेच टाळतात.

उतरणं

वर जायच्या आधी उतरायला शिका. लहानपणी विहिरीत उतरणाऱ्या पोट्ट्यांना आजोबा विचारायचे, ‘वर येता येते काय बे?’ इथं उलट विचारायचं.

सरळ उतरणं असं: छाती जागेवर ठेवा, कोपरं वाकलेलीच ठेवा, अन् मागच्या पायाची बोटं आधी खाली टेकवा. ती टेकली की भार वाटून जातो. मग पुढचा गुडघा वाकवून पाऊल जमिनीवर. मग गुडघे टेकून बसा. घाईत कोपरं ताडकन सरळ केली तर तोल पुढे जातो अन् मनगटाला हिसका बसतो.

पुढे पडत असाल तर चेहरा एका बाजूला वळवा, गाल अन् खांदा वाकळीवर जाऊ द्या, पोट सैल सोडा. वाचायला म्हणून एक हात पुढे फेकायचा नाही. ही उर्मी फार जबरदस्त असते, म्हणून ती मोडायचा सराव करावा लागतो: फळीच्या स्थितीतून गुडघे टेकून, मुद्दाम हळूच वाकळीवर गाल टेकवा, दहा वेळा. बाया हसतात. हसू द्या. बाजूला कलत असाल तर पुढचा पाय वाकवा, पाऊल आपोआप जमिनीला लागतं.

चढणं

हात खांद्यांइतके दूर, मनगटांच्या घड्या समोरच्या भिंतीला समांतर. उजवं पाऊल उजव्या हाताच्या बाहेर. खांदा गुडघ्याखाली सरकवा, तळवा पुन्हा पक्का बसवा. कोपरं वाकवून मागे, बगलेकडे. उजवी मांडी दंडावर टेकली की पाऊल थोडं थोडं पुढे अन् बाहेर चालवत न्या. इथपर्यंत मागचा पाय जमिनीवरच आहे.

पुढचं समजायला बैलगाडी बघा. मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर जातं, बैलांच्या मानेला फास बसतो. गाडीवान उतरून पोतं पुढे सरकवतो, आसाच्या पुढे जरा वजन आलं की गाडी आपोआप सम होते. इथं चाकं म्हणजे तुमचे तळहात. मागचा पाय, कंबर हा सगळा माल मागे आहे. तो पाय ताकदीनं उचलायचा नाही. छाती पुढे सरकवायची, बोटांच्या टोकांच्याही पुढे, अन् पुढे जाता जाता एका क्षणी मागच्या पायाची बोटं हलकी होतात. सगळे इथंच चुकतात: मागच्या पायानं उडी मारतात. उडी मारली की गाडी एकदम दुसऱ्या बाजूला कोसळते, म्हणजे तोंडावर.

बोटं हलकी झाली की उचलू नका. पहिले आठ-दहा दिवस फक्त हलकी करा अन् परत टेकवा. जड जातंय असं वाटलं तर मागचं पाऊल ओट्याच्या पायरीवर किंवा पाटावर ठेवून करा. मागची बाजू उंच असली की भार पुढे सहज जातो. सुरुवातीला डाव्या कोपराचा टेकू पोटाच्या कडेला लागला तरी चालेल, काही दिवसांनी तो सुटतो.

नजर समोर हातभर अंतरावर. खाली बघितलं की डोकं जातं अन् डोक्यामागे सगळं. दोन्ही खांदे एका उंचीवर आहेत का, हे स्वतःला दिसत नाही. मांडी ज्या दंडावर असते तो खांदा खाली दबतोच. कुणाला तरी बाजूला बसवून विचारा. माझी जाऊ सूप हातात घेऊन तांदूळ पाखडता पाखडता सांगायची, ‘उजवीकडे कलून राहिली तू.’ तिच्या त्या एका वाक्यानं मला कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकवलं.

उठला मागचा पाय की तो सरळ ताणा, टाच मागच्या भिंतीला ढकलल्यासारखी. ताणलेला पाय सैल पायापेक्षा हलका लागतो. मग पुढचा गुडघा सरळ करा, जमेल तितकाच. श्वास रोखला जातो. तो सोडा, आकडे मोठ्यानं म्हणा, म्हणजे श्वास आपोआप चालतो. पहिल्या महिन्यात एक श्वास, नंतर तीन. पाचच्या पुढे मी कुणाला नेत नाही. एका सकाळी एका बाजूनं तीनच प्रयत्न. चौथा प्रयत्न नेहमी हट्टाचा असतो.

माझी हनुवटी

वेचणीचे दिवस होते. शेतातून चारला आले. नागपूरहून भाची आलेली, तिच्या वेण्या घातल्या, खोबरेल तेलाचे हात पदराला पुसले. ती म्हणाली, मावशी, ते करून दाखव ना. अंगण सकाळीच सारवलेलं. वाकळ आणायची राहिली. बांगड्या हातात. वर लिहिलेला एकही नियम मी पाळला नव्हता, कारण तोवर नियम असं काही नव्हतंच.

पाय उठला. भाचीनं टाळ्या वाजवल्या. मग उजवा तळवा तेलानं सरकला, फार नाही, दोन बोटं. पण छाती तेवढ्यात खाली गेली. हनुवटी जमिनीवर आदळल्याचा आवाज मला आतून ऐकू आला, दगडी पाट्यावर वरवंटा पडतो तसा. दोन बांगड्या फुटल्या, एक तुकडा डाव्या तळव्यात. तालुक्याच्या दवाखान्यात तीन टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, कशानं पडलात? मी म्हटलं, मोटरसायकलवरून. छत्तीस वर्षांची बाई आसन करताना पडली हे सांगायची लाज वाटली. आता वाटते ती लाज खोटं बोलल्याची. पडण्याचं कारण खरं सांगा, डॉक्टरांना त्यावरूनच कळतं कुठलं हाड तपासायचं.

दुखलंच तर

साधी सूज असेल तर दोन दिवस भार बंद, गार पाण्याचं फडकं, हात उंच. आपल्याकडे लगेच गरम तेलानं चोळतात, नाहीतर हाड बसवणाऱ्याकडे नेतात. ताज्या दुखापतीला चोळू नका. हात टेकून पडल्यावर अंगठा ताणला की त्याच्या बुडाशी जो खळगा दिसतो, तिथं दाबून दुखत असेल तर एक्स-रे काढाच. तिथं एक होडीच्या आकाराचं छोटं हाड असतं. त्याची चीर कधीकधी पहिल्या एक्स-रेत दिसत नाही, म्हणून दुखणं राहिलं तर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा दाखवावं लागतं. ‘काई नाही, लचकलं असन’ म्हणून सोडलं तर ते हाड जुळत नाही अन् मनगट कायमचं अधू होऊ शकतं. बोटं बधिर झाली, मूठ वळली नाही, मनगट वाकडं दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डावी बाजू

सगळं वर्णन उजव्या बाजूचं केलं. डाव्या बाजूनंही तितकंच करायचं असतं, अन् डावी बाजू नेहमी मागे असते. विळा उजव्या हातात, कळशी उजव्या कमरेवर, म्हणून दोन्ही बाजू कधी सारख्या होत नाहीत. मी आधी डावीकडून सुरू करते, ताज्या हातांनी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेच्या चौकोनात किती श्वास झाले ते पेन्सिलीनं लिहिते, दूधवाल्याच्या हिशोबाच्या बाजूला. काल उजवीला चार, डावीला दोन. जावेनं खाली आपला आकडा लिहिलाय: बोटं हलकी, दोनदा.